डिग्री नंतर निवडा, आधी प्रश्न निवडा!

पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करायचं म्हणताय? करा की! पण कॉलेजांची यादी काढण्याआधी आणि घरी फीचा आकडा सांगण्याआधी थोडं थांबा. ही डिग्री आपल्यासाठी आहे का आणि असेल तर नेमकी कुठली, हे बऱ्यापैकी घरबसल्या आणि जवळपास फुकटात तपासता येतं.

---

घरात कुणाची पगाराची स्लिप असेल तर काढा जरा.

कपातीच्या रकान्यात पीएफच्या आसपास एक छोटासा आकडा दिसेल. २०० रुपये. समोर लिहिलेलं असतं ‘पीटी’. म्हणजे प्रोफेशन टॅक्स, आपल्या भाषेत व्यवसाय कर. फेब्रुवारीत तोच आकडा ३०० होतो. वर्षाचे झाले २५००. एवढीशी रक्कम, कुणी फारसं लक्षही देत नाही.

पण हा कर आला कुठून, माहितीये?

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला, रस्ते आणि तलाव खणायला दुष्काळी कामांवर गेली. मागेल त्याला काम द्यायचं, ही कल्पना त्याच्याही आधीपासून मांडत होते वि. स. पागे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती. ती रोजगार हमी योजना राज्यभर चालवायची तर पैसा हवा. म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदार माणसाच्या खिशातून थोडे पैसे घ्यायचे, तेवढेच सरकारने घालायचे आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. १९७७ साली रोजगार हमीचा स्वतंत्र कायदा विधिमंडळाने केला. २००५ साली संसदेने देशासाठी असा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा सगळा अनुभव समोर होता.

आता विचार करा, हे ठरवताना काय काय ठरवावं लागलं असेल. पैसे कुणाकडून घ्यायचे? किती घेतले तर माणूस कुरकुरणार नाही? काम मागायचं कुणाकडे? मजुरी किती? काम देता आलं नाही तर काय? खोटी हजेरी लावली तर पकडणार कोण?

या प्रश्नांची उत्तरं शोधणं, ती पैशात आणि कायद्यात बसवणं आणि मग ती गावात खरंच चालतात का ते बघणं, याला म्हणतात पब्लिक पॉलिसी. मराठीत सार्वजनिक धोरण. शब्द जड वाटतो, पण रोज आपल्या खिशातून, एसटीतून, रेशन दुकानातून तो जातच असतो.

यूपीएससी नाही झालं, मग हे करू?

या डिग्रीकडे वळणारी मुलंमुली साधारण तीन दिशांनी येतात.

पहिली, स्पर्धा परीक्षेच्या वाटेवरची. पुण्यात नवी पेठ-सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तीन-चार वर्षं गेलेली असतात. प्रिलिम निघते, मेन्सला गाडी अडते. वय २७. गावाकडून फोन येतो तेव्हा काय सांगायचं कळत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘अरे, पब्लिक पॉलिसी कर, जीएसचा अभ्यास वाया जाणार नाही.’

दुसरी, इंजिनिअर मंडळी. नोकरी बरी आहे, पगार वेळेवर येतो, पण ‘आपण करतोय काय?’ हा प्रश्न रविवारी रात्री छळतो.

तिसरी, संस्थांमध्ये काम केलेली. आदिवासी पाड्यावर शिकवलं, पाण्याच्या कामात राबले. मग लक्षात आलं की आपण दहा गावांत जे मरमर करून केलं, ते एका शासन निर्णयाने जिल्हाभर होऊ शकतं किंवा एका शासन निर्णयाने पार बंदही पडू शकतं.

तिघांचंही स्वागत आहे. पण पहिल्या गटातल्या दोस्तांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या डिग्रीने मंत्रालयातली खुर्ची मिळत नाही. कलेक्टर, तहसीलदार, बीडीओ व्हायचा रस्ता लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतूनच जातो. पब्लिक पॉलिसी ही त्या परीक्षेची मागच्या दाराने एंट्री नाही.

जीएसचा अभ्यास उपयोगी पडतो, हे खरं आहे. राज्यघटना, पंचायत राज, अर्थसंकल्प हे शब्द नवे वाटत नाहीत. पण सवय मात्र बदलावी लागते. परीक्षेत योजनेचं नाव, वर्ष, मंत्रालय पाठ असावं लागतं. इथे विचारतात, ती योजना अडली कुठे? तुम्ही काय बदलाल? त्याला किती पैसे लागतील? आणि त्यात कुणाचं नुकसान होईल?

नुकसान कुणाचंच होणार नाही, असं उत्तर दिलंत तर मार्क जातात.

मग शिकवतात तरी काय?

विषयांची यादी बहुतेक ठिकाणी सारखीच दिसेल. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा आणि राज्यघटना, सरकारी वित्त, राजकीय प्रक्रिया, धोरणांचं मूल्यमापन, शिवाय इंटर्नशिप आणि प्रबंध. यादी वाचून काही कळत नाही. म्हणून आपल्या ओळखीचंच एक उदाहरण घेऊ.

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या प्रवासात महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत सुरू झाली. आता समजा तुम्हाला विचारलं, ‘योजना यशस्वी झाली का?’

चौकात विचारलं तर उत्तर सोपं आहे. गाड्या बायकांनी भरल्यात, म्हणजे यशस्वी!

वर्गात मात्र इथून सुरुवात होते. गाड्या आधीच्या कुठल्या महिन्याच्या तुलनेत भरल्या? कारण ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप होता. त्याआधी कोरोना. म्हणजे प्रवासी तसेही परतत होतेच. सवलतीमुळे किती वाढले आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या म्हणून किती, हे वेगळं कसं करायचं? हा झाला संख्याशास्त्राचा तास.

अर्थशास्त्राचा मास्तर विचारेल, अर्ध्या तिकिटाचे उरलेले पैसे कोण देतं? सरकार महामंडळाला प्रतिपूर्ती देतं. ती वेळेवर आली नाही तर डिझेल, पगार, नव्या गाड्या यांचं काय होतं? आणि हेच पैसे जादा फेऱ्यांवर खर्च केले असते तर? ज्या वाडीला दिवसातून एकच गाडी येते, तिथल्या बाईला स्वस्त तिकीट जास्त उपयोगाचं की दुसरी गाडी?

राजकारण शिकवणारा विचारेल, एकदा दिलेली सवलत कुठलं सरकार काढून घेऊ शकतं का? आणि फील्डवर्कला पाठवतील तेव्हा तुम्ही स्टँडवर बसून बायकांशी बोलाल. तिथे एखादी सांगेल, ‘पूर्वी माहेरी जायला नवऱ्याकडे पैसे मागावे लागायचे.’ हे उत्तर कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही, पण योजना कळायची तर तेही लागतंच.

हे वाचताना तुमचं डोकं सुरू झालं असेल, ‘हां, पण विद्यार्थिनींचे पास तर...’ असं काहीतरी सुचलं असेल, तर तुम्ही योग्य रस्त्यावर आहात. आणि कंटाळा आला असेल तर तेही आत्ताच कळलं ते बरं झालं. दोन वर्षं हेच करायचंय.

नाव एक, घराणी वेगळी

गाण्यात राग एकच असतो, पण घराण्याप्रमाणे गायकी बदलते. इथेही तसंच आहे. डिग्रीचं नाव ‘पब्लिक पॉलिसी’च, पण ती कुणाच्या अंगणात वाढली त्यावर तिचा पिंड ठरतो.

बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये २०१४ पासून दोन वर्षांचा ‘मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी’ आहे. कायद्याच्या विद्यापीठात राहून धोरण शिकायचं, म्हणजे कायदा, हक्क आणि नियमन यांचा वास येणारच. पवईच्या आयआयटी मुंबईतही धोरण अभ्यासाचं केंद्र आहे. तिथे भोवती इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ. ऊर्जा, पाणी, शहरं, तंत्रज्ञान अशा प्रश्नांत रस असेल तर शेजार कामाला येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पब्लिक पॉलिसीत एमए करता येतं.

आणि ‘पॉलिसी’ हा शब्द नावात नसलेल्या डिग्र्याही विसरू नका. टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. १९३६ पासूनची ही संस्था समाजाच्या बाजूने प्रश्नाकडे बघायला शिकवते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात ‘डेव्हलपमेंट’मध्ये एमए आहे. आणि पुण्यातलं गोखले इन्स्टिट्यूट, १९३० सालचं. तिथे अर्थशास्त्र पक्कं करून धोरणाकडे वळता येतं. शेतमालाच्या भावावर काम करायचं असेल तर अर्थशास्त्रातलं एमए जास्त उपयोगी पडू शकतं. कुपोषणावर करायचं असेल तर पब्लिक हेल्थ. शहरातल्या घरांवर, वाहतुकीवर करायचं असेल तर प्लॅनिंग. पब्लिक पॉलिसी हे सगळं थोडं थोडं शिकवते. कुणाला तेच हवं असतं, कुणाला एकच विहीर खोल खणायची असते. आपण कोण, ते ओळखायचं.

परदेशात जायचं असेल तर कालावधी आधी बघा. हार्वर्डच्या केनेडी स्कूलची एमपीपी दोन वर्षांची. ऑक्सफर्डच्या ब्लावाटनिक स्कूलची एका वर्षाची. सिंगापूरचं ली क्वान यू स्कूल, बर्लिनचं हर्टी स्कूल हेही पर्याय आहेत. एका वर्षात खर्च कमी होतो, पण उसंतही मिळत नाही. कामाचा अनुभव घेऊन गेलेल्याला एक वर्ष पुरतं. थेट पदवीनंतर गेलेल्याला ते बऱ्याचदा विषय समजण्यातच संपतं.

अजून एक. एका वर्षाचे ‘पोस्ट ग्रॅज्युएट प्रोग्राम’ नावाचे अभ्यासक्रम निघालेत. काही चांगलेही आहेत. पण प्रत्येक प्रोग्राम म्हणजे विद्यापीठाची मास्टर्स पदवी नव्हे. पुढे नेट, पीएचडी किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल तर प्रवेशाआधी लेखी विचारा, ‘शेवटी हातात पडणारा कागद पदवीचा की प्रमाणपत्राचा?’

ब्रोशर मिटा, हे उघडा

ब्रोशरवर सगळ्याच कॉलेजांत हिरवळीवर बसून मुलं हसत असतात. त्यावरून काहीच ठरवू नका. चार गोष्टी मात्र नक्की तपासा.

एक, पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम. संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र सक्तीचं आहे की ऐच्छिक? गणिताची भीती वाटते म्हणून ते नसलेला कोर्स शोधणारे बरेच असतात. तसं करू नका. नोकरी देणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो की आकड्यांची फाइल दिली तर त्यातून काही काढता येईल का.

दोन, शिकवतं कोण? प्राध्यापकांची यादी काढा. त्यातल्या दोघा-तिघांनी काय लिहिलंय ते वाचा. कायमचे प्राध्यापक किती आणि येऊन-जाऊन व्याख्यान देणारे किती, हेही मोजा. मोठ्या निवृत्त अधिकाऱ्याचं एक भाषण ऐकायला मजा येते, पण तुमचा प्रबंध रात्री जागून तो तपासत नाही.

तीन, इंटर्नशिप. कॉलेज लावून देतं की ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणतं? आणि पैसे मिळतात का? दिल्लीत दोन महिने बिनपगारी राहायचं म्हटलं तर ते कुणाला परवडतं, हाही पॉलिसीचाच प्रश्न आहे!

चार आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या बॅचची मुलं. ब्रोशरवर ज्यांचे फोटो आहेत ती सोडून. लिंक्डइनवर शोधा, पाच जणांना नम्र मेसेज करा. ‘दादा/ताई, मी अमुक ठिकाणचा, प्रवेशाचा विचार करतोय, दहा मिनिटं बोलाल का?’ पाचातले दोन तरी बोलतात. त्यांना तीन गोष्टी विचारा. पहिली नोकरी मिळायला किती महिने लागले? ती कायमची आहे की प्रोजेक्ट असेपर्यंत? आणि पुन्हा निवडायचं झालं तर हेच निवडाल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा किती वेळ गप्प राहतो, ते नीट ऐका.

पैशाचं गणित, स्पष्टच

या क्षेत्रात काम कुठे मिळतं? संशोधन संस्थांमध्ये, सरकारी विभागांसाठी काम करणाऱ्या कन्सल्टन्सी कंपन्यांत, सामाजिक संस्थांत, कंपन्यांच्या सीएसआर विभागात आणि लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत. बरीच कामं प्रकल्पावर चालतात. प्रकल्प संपला की करार संपतो. आणि बरीचशी दिल्ली, मुंबई, बंगळुरूत एकवटली आहेत. तिथलं घरभाडं तुम्हाला माहीत आहेच.

म्हणून कर्जाचा हिशोब कागदावर करा. समजा १० लाखांचं शैक्षणिक कर्ज, ११ टक्के व्याज आणि फेड १० वर्षांत. हप्ता येतो महिन्याला साधारण १३,७७५ रुपये. शिकत असताना चढलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. दहा वर्षं, दर महिन्याला. हप्ता आणि घरभाडं गेल्यावर हातात काय उरतं आणि त्यातून घरी किती पाठवायचंय, हे आकडे एकाखाली एक लिहा. घरचे हातभार लावणार असतील तर त्यांच्यासमोर बसूनच लिहा. वडिलांनी जमिनीचा तुकडा विकायची तयारी दाखवली, तर ती डिग्री नाकारायचं धाडसही तुमच्यात असायला हवं.

शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांच्या अटी कॉलेज निवडण्याआधी वाचायच्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. विद्यापीठाच्या जागतिक रँकिंगची अट तुमच्या आवडत्या कॉलेजला बसते का, हे आधी बघा. प्रवेश मिळाल्यावर कळलं तर हळहळण्यापलीकडे हातात काही राहत नाही. ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या मास्टर्ससाठी चेव्हनिंग आहे. तिला साधारण दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. म्हणजे आज तुम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर तिच्यासाठीची तयारी म्हणजे आधी नोकरी करणं!

दोन वर्षं देण्याआधी दोन महिने द्या

कपडा घेताना आपण अंगाला लावून बघतो. मग आयुष्याची दोन वर्षं न बघता कशी द्यायची? पुढची कामं करून बघा. एकूण खर्च शंभर रुपयांच्या आतला.

तुमच्या गावाचा ग्रामपंचायत विकास आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर शोधा. शहरात राहत असाल तर महापालिकेच्या बजेटमध्ये आपल्या वॉर्डाचं पान शोधा. कागदावर झालेलं काम जागेवर जाऊन बघा.

एक शासन निर्णय म्हणजे जीआर अथपासून इतिपर्यंत वाचा. सरकारच्या वेबसाइटवर ते मोफत मिळतात आणि मराठीत असतात. वरती ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते, तिचा माग काढत मागे जा. खाली लेखाशीर्ष शोधा. पैसे नेमके कुठल्या खात्यातून येणार ते तिथे कळतं. लेखाशीर्षच नसेल तर समजा, घोषणा झालीय, पैशाचं अजून ठरायचंय.

माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नेमका प्रश्न विचारणं किती अवघड असतं, हे तेव्हा कळेल.

राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी बजेटच्या आधी येते, मराठीतही येते. त्यातलं तुमच्या आवडीचं एकच प्रकरण वाचा. संसदेतल्या एखाद्या विधेयकाचा पीआरएस या संस्थेने काढलेला सारांश वाचा, तोही मोफत आहे.

आणि शेवटी दोन पानांची टिपणी लिहा. जिल्हा परिषदेच्या सीईओंना उद्देशून. प्रश्न काय, पुरावा काय, तीन पर्याय कुठले, त्यातला कुठला निवडावा आणि का. दोनच पानं. तिसरं पान कुणी वाचत नाही.

हे करताना तहान-भूक विसरलात तर फॉर्म भरा. नाही रमलात तर तुमची दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे वाचले.

आणखी मोठी चव घ्यायची असेल तर फेलोशिप आहेत. राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ साली सुरू झाली, मध्ये बंद पडली, २०२३ मध्ये पुन्हा आली. २१ ते २६ वयाच्या पदवीधरांना सरकारी विभागात किंवा जिल्ह्यात प्रत्यक्ष काम करायला मिळतं. अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. पीआरएसची लॅम्प फेलोशिप आहे, तिथे तुम्ही एका खासदाराबरोबर काम करता. प्रश्न तयार करायचे, विधेयकांची टिपणं काढायची. महिन्याला पैसे मिळतात आणि हे जग आपलं आहे की नाही तेही कळतं.

इंग्रजीचं काय?

हा प्रश्न मनात असतो, पण विचारायची लाज वाटते. म्हणून आपणच बोलून टाकू.

वर्गात इंग्रजीच चालतं. वाचायला ढीगभर असतं, तेही इंग्रजीत. महानगरातल्या शाळांत वाढलेली मुलं फाडफाड बोलतात. पहिले काही महिने जिल्ह्याच्या गावातून आलेल्या मुलाला-मुलीला वाटतं, आपण चुकून इथे आलो. हे होतं. त्यासाठी आत्तापासून रोज एक इंग्रजी लेख वाचून त्याचा सारांश पाच ओळींत लिहायची सवय लावा. जमतं.

पण दुसरी बाजूही बघा. महाराष्ट्राचे जीआर मराठीत आहेत. ग्रामसभेचं इतिवृत्त मराठीत आहे. तलाठ्याशी, आशाताईंशी, ऊसतोड मुकादमाशी बोलायचं ते मराठीत, आणि तेही त्यांच्या मराठीत. धाराशिवच्या बाईने ‘काय सांगावं बाबा’ म्हटलं तर त्यात किती भरलेलं असतं, हे भाषांतर करून कळत नाही. सातबारा बघून ज्याला वाद कुठे आहे ते कळतं, रेशनच्या रांगेत जो उभा राहिलाय, त्याच्याकडे वर्गातल्या बऱ्याच जणांकडे नसलेली शिदोरी आहे. ती लपवू नका. प्रवेशाच्या निबंधात ‘मला देशाची सेवा करायची आहे’ असं लिहिण्यापेक्षा तुमच्या तालुक्यातली एक अडलेली योजना लिहा. ती दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

प्रश्न आधी, म्हणजे कसा?

याचं एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे.

शेतमजुरांना महाराष्ट्रात दिवसाला चार रुपये किमान वेतन होतं, तेव्हाची गोष्ट. डॉ. अभय बंग तेव्हा वर्धा भागात काम करत होते. चार रुपये हा आकडा आला कुठून, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी सरकारी हिशोबच तपासायला घेतला. मजुराला जगायला किती अन्न लागतं, याच्या आकडेमोडीतच गफलती होत्या. नीट हिशोब केला तर मजुरी १२ रुपये व्हायला हवी, असं त्यांनी दाखवून दिलं.

तेव्हा त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी होती, धोरणाची नव्हती. प्रश्न होता. त्यानंतर अभय आणि राणी बंग दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायला गेले. परत येऊन १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ उभी केली. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली तर बाळं वाचतात का, हा पुढचा प्रश्न. काही गावांत हे काम केलं, काही गावं तुलनेसाठी ठेवली, प्रत्येक जन्म आणि मृत्यू मोजला. १९९९ साली ते संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासतात, तो कार्यक्रम देशभर सुरू झाला.

त्यांची डिग्री उपयोगी पडली. मोजायचं कसं, तुलना कशी करायची, जगाला पटेल असं मांडायचं कसं, हे शिकायला मिळालं. पण ती उपयोगी पडली, कारण जाताना खिशात प्रश्न होता आणि परत कुठे यायचंय ते माहीत होतं.

प्रत्येकाला एवढं मोठं काम करायचं नसतं आणि प्रत्येकाने गडचिरोलीला जायला हवं असंही नाही. मुंबईतल्या एका केबिनमध्ये बसून विजेच्या दरांच्या तक्त्यात चूक शोधणारी मुलगीही तितकंच खरं काम करत असते. पण तिला तो तक्ता छळत असतो, हे महत्त्वाचं.

तेव्हा आज रात्री एवढंच करा. वहीचं कोरं पान घ्या. ‘मला पब्लिक पॉलिसी करायची आहे’ असं लिहू नका. ‘आमच्याकडे अमुक गोष्ट अशी का आहे?’ असं एक वाक्य लिहा. आमच्या तालुक्यात दहावीनंतर मुली कॉलेजला का येत नाहीत? जलवाहिनी टाकली, मग नळाला पाणी का नाही? आमच्या एमआयडीसीत शेड आहेत, कारखाने का नाहीत?

वाक्याखाली तीन रकाने आखा. हा प्रश्न कोण सोडवू शकतं? त्यासाठी मला काय येत नाही? ते कुठे शिकवतात?

तिसऱ्या रकान्यात एखादं नॅशनल लॉ स्कूल येईल. कदाचित गोखले येईल. कदाचित फक्त एक्सेल आणि संख्याशास्त्राचा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स येईल. आणि पहिल्या रकान्यात ‘तहसीलदार’ आलं असेल, तर खुशाल पुन्हा एमपीएससीच्या अभ्यासाला बसा. त्यात कमीपणा काहीच नाही.

मात्र पहिली ओळच कोरी राहिली, तर या वर्षी फॉर्म भरू नका. एक वर्ष काम करा, हिंडा, माणसांत बसा. कॉलेजं पुढच्या वर्षीही प्रवेश देणार आहेतच.